साहेबाचे कट्टे

वाघोटनची खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे विजयदुर्ग उभा आहे. मूळ किल्ला शिलाहारांच्या काळचा. शिवछत्रपतींनी तो १६५३ च्या सुमारास घेतला व त्याला आजचे नाव दिले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच खाडीत जाळले. मराठी माणसाला विजयदुर्ग आठवायचा तो या जळत्या गलबतांमुळे. आपल्याच माणसाचे आरमार पेशव्यांनी परक्याच्या मदतीने बुडविले, हे शल्य एका लेखात सांगून संपणारे नाही, आणि आजचा विषयही तो नव्हे.

विषय आहे किल्ल्यावरील काही बैठ्या चौथऱ्यांचा. तटबंदी, कोठारे, तोफांच्या जागा पाहून झाल्या की वाटाड्या पाहुण्याला या चौथऱ्यांपाशी नेतो. गावात त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. दिसायला त्यांत पाहण्यासारखे काही नाही. पण गेली काही वर्षे ऑगस्ट महिन्याची १८ तारीख आली की या किल्ल्यावर माणसे जमतात, आजूबाजूच्या शाळांची मुले येतात, कोणी जाणकार दोन शब्द सांगतो, आणि ‘हेलियम दिन’ साजरा होतो. एका वायूचा वाढदिवस साजरा करणारे गाव दुसरे कोठे असेल असे मला वाटत नाही. मला त्याचे कौतुक आहे. जत्रा, पालखी, दशावतार यांच्या पंक्तीला एक मूलद्रव्य आणून बसविणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्या दिवशी जी कथा सांगितली जाते ती थोडक्यात अशी : १८६८ साली ऑगस्टच्या १८ तारखेला लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या कट्ट्यांवर दुर्बीण मांडली, खग्रास ग्रहण पाहिले, सूर्यावर एक नवे द्रव्य शोधून काढले, आणि त्याचे नाव हेलियम ठेविले. भाषणांत हेच ऐकू येते, वर्तमानपत्रांत हेच छापून येते, आणि मुले वहीत हेच लिहून नेतात.

या कथेतला लॉकियर खरा आहे. ग्रहणही खरे, हेलियमही खरा, आणि लॉकियर विजयदुर्गावर आला होता हेही खरे. फक्त या सगळ्या गोष्टी एका दिवशी घडलेल्या नाहीत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर विजयदुर्गावर नव्हता. तो हिंदुस्थानातही नव्हता. तो इंग्लंडात होता, आणि त्याचे नवे उपकरण कारागिराकडून अजून यायचे होते.

माझ्या लेखी ही तपशिलाची किरकोळ दुरुस्ती नाही. इतिहास आणि मराठी शिकविणारा मी मास्तर. विज्ञानाची पदवी माझ्यापाशी नाही, किंबहुना कसलीच पदवी नाही. पण मुलांना विज्ञानाच्या नावाने बोलावून एक दंतकथा हाती देणे, हे मला एखाद्या सनावळीच्या चुकीहून अधिक गंभीर वाटते. विज्ञान म्हणजे काय, हे त्या दिवशी मुलाला कळावयाचे असते. तेथेच त्याला ‘मोठी माणसे सांगतात म्हणून खरे’ हा धडा मिळाला, तर मग पुराण ऐकायला देऊळ काय वाईट होते? त्यातही गंमत अशी की, या बाबतीत खरी हकीकत दंतकथेपेक्षा कितीतरी सरस आहे. तीच सांगतो.

नॉर्मन लॉकियर हा १८३६ साली जन्मला. विश्वविद्यालयाची पायरी तो विद्यार्थी म्हणून चढला नाही. १८५७ पासून तो लंडनमध्ये युद्धखात्याच्या कचेरीत कारकून होता. दिवसा फायली आणि रात्री दुर्बीण, असा त्याचा क्रम. सूर्याच्या खग्रास ग्रहणात चंद्रबिंबाच्या कडेवर तांबूस ज्वाला दिसतात, त्या चंद्राच्या की सूर्याच्या, यावर बरीच वर्षे वाद चालला होता. त्या सूर्याच्याच, हे १८६० च्या ग्रहणातील छायाचित्रांवरून बहुतेकांना पटले. पण त्या कशाच्या बनलेल्या आहेत हे कोणास ठाऊक नव्हते. लॉकियरने १८६६ साली एक युक्ती सुचविली. सूर्याचा झगमगाट त्या ज्वालांना झाकतो म्हणून आपण ग्रहणाची वाट पाहतो. पण ज्वाला जर तापलेल्या वायूच्या असतील तर त्यांचा प्रकाश मोजक्या रंगांच्या रेघांत एकवटलेला असणार, आणि झगमगाट मात्र सगळ्या रंगांत पसरलेला. पुरेसा चांगला वर्णपटदर्शक घेऊन रंग खूप पसरविले, तर झगमगाट पातळ होईल आणि रेघा उठून दिसतील. ग्रहणाची गरजच उरणार नाही! विचार बिनतोड होता. उपकरण मात्र वेळेवर मिळेना. पैसे मंजूर झाले, कारागिराला काम दिले, आणि ते रेंगाळले. असे दोन वर्षे चालले.

मधल्या काळात १८ ऑगस्ट १८६८ उजाडला. त्या ग्रहणाची सावली एडनकडून समुद्र ओलांडून कोकणपट्टीवर आली, दख्खन तिरकी कापून पूर्व किनाऱ्याला गेली, आणि तेथून सयामच्या आखातावर. खग्रास स्थिती तेथे पावणेसात मिनिटांच्या घरात होती. अशी लांब ग्रहणे शतकातून थोडीच येतात. युरोपातले ज्योतिषी आधीच येऊन आपापल्या जागा धरून बसले होते. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, इंग्रज सरकारचा मेजर टेनंटही गुंटूरलाच. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला होता. आणि विल्यम हर्शेल या थोर ज्योतिर्विदाचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल हा रॉयल सोसायटीचे उपकरण घेऊन जमखंडीला होता. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचे संस्थान. आज ते कर्नाटकात आहे, पण तेव्हाच्या दरबारात मराठी चालत होती. हेलियमच्या जन्मवेळी मराठी मुलखाच्या सर्वांत जवळ कोण होते, असे कोणी विचारले तर उत्तर जमखंडी असे द्यावे लागेल.

आता वाचक विचारील, सावली कोकणावरून गेली, मग इतक्या साऱ्या ज्योतिष्यांपैकी एकानेही कोकणचा किनारा का धरला नाही? याचे उत्तर मला कोणत्याही ग्रंथाने दिले त्याआधी माझ्या वर्गातील एका मुलाने दिले. हेलियम दिनाच्या तयारीसाठी मी वर्गात १८६८ च्या ग्रहणाचा नकाशा फळ्यावर काढला होता. बाहेर पाऊस इतका कोसळत होता की माझे मला ऐकू येत नव्हते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरी भातशेती असलेला, उठून म्हणाला, “सर, पण अशा दिवसांत हिते सूर्य खय दिसता?”

वर्ग हसला. मी मात्र खडू खाली ठेवला. ऑगस्टच्या मध्यावर कोकणात सकाळी नऊच्या सुमारास निरभ्र आकाश मिळेल या भरवशावर जड यंत्रे जहाजाने आणून किल्ल्यावर कोण मांडील? जे आले ते घाटाच्या पलीकडे, पावसाच्या आडोशाला आणि पूर्व किनाऱ्याला गेले, ते उगाच नव्हे. जमखंडी तर घाटापलीकडे. तरी तेथेही हर्शेलला ढगांनी छळले, आणि फटीफटींतून जेवढे मिळाले तेवढ्यावर समाधान मानावे लागले. त्या मुलाने ना लॉकियरचे चरित्र वाचले होते, ना ग्रहणांचे कोष्टक. त्याला आपल्या गावचा पाऊस माहीत होता. पुढच्या ऑगस्टात आम्ही वर्गाच्या दारामागे एक कागद लावला आणि रोज सकाळी नऊ वाजता सूर्यबिंब स्वच्छ दिसले की नाही याची खूण केली. महिनाअखेर त्या कागदाकडे पाहिले की कथेतील तारखेबद्दल भाषण करण्याची गरजच उरत नसे.

असो. गुंटूरला काय झाले ते पाहू. खग्रास स्थितीत जान्सेनला ज्वालांच्या वर्णपटात इतक्या तेजस्वी रेघा दिसल्या की त्याला वाटले, या तर ग्रहणावाचूनही दिसतील. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, स्वच्छ सूर्यप्रकाशात त्याने त्या पाहिल्या. लॉकियरने दोन वर्षांपूर्वी जे कागदावर मांडले होते ते जान्सेनने डोळ्यांनी पाहिले. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. त्या ग्रहणात निरनिराळ्या ठिकाणच्या निरीक्षकांना एक पिवळी रेघही दिसली होती. ती सोडियमची असावी असे बहुतेकांनी धरले, कारण सोडियमच्या दोन रेघा पिवळ्याच भागात, अगदी शेजारी असतात.

लॉकियरचे उपकरण त्याच्या हाती पडले ते ऑक्टोबरच्या १६ तारखेला. २० ऑक्टोबरला त्याने आपल्या घरच्या दुर्बिणीतून, कोणतेही ग्रहण नसताना, ज्वालांच्या रेघा पाहिल्या. त्याने पॅरिसला कळविले. जान्सेनचे पत्रही हिंदुस्थानातून तेव्हाच पोचले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला, दोन्ही वृत्तान्त वाचले गेले. आधी कोण, यावरून भांडण करण्याऐवजी फ्रेंच सरकारने एकाच पदकावर दोघांचे मुखवटे कोरून ते दोघांना दिले. शास्त्रज्ञांच्या इतिहासात इतकी सभ्य गोष्ट क्वचित घडते!

मग लॉकियरने त्या पिवळ्या रेघेचा पिच्छा पुरविला. सोडियमच्या रेघा आजच्या मापाने ५८९·० आणि ५८९·६ नॅनोमीटरवर पडतात. ही पडत होती ५८७·६ वर. फरक जेमतेम दीड ते दोन नॅनोमीटरांचा. पण रेघ सोडियमची नव्हे, आणि पृथ्वीवरील ज्ञात असलेल्या कोणत्याच द्रव्याची नव्हे. फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाच्या संगतीने त्याने बरीच खटपट केली, आणि शेवटी हे सूर्यावरील नवेच द्रव्य असावे, असा तर्क करून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. पुष्कळांनी नाके मुरडली. पृथ्वीवर न सापडलेले द्रव्य केवळ एका रेघेच्या आधारे मानावयाचे? २७ वर्षे हा पदार्थ फक्त सूर्यावर राहिला. १८९५ च्या मार्चमध्ये रॅम्झेने क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून एक वायू काढला, त्याचा प्रकाश तपासला, आणि तीच पिवळी रेघ त्याच ठिकाणी मिळाली. लॉकियर तोपर्यंत म्हातारा झाला नव्हता. आपला तर्क खरा ठरलेला त्याने डोळ्यांनी पाहिला. हे भाग्य थोड्यांना मिळते.

आता कथा आपल्या किनाऱ्याकडे वळते. लॉकियर हिंदुस्थानात प्रथम आला तो १८७१ साली, १२ डिसेंबरच्या ग्रहणासाठी. तेव्हा त्याने आपला तळ एका समुद्रकाठच्या किल्ल्यातच टाकला होता. पण तो किल्ला मलबार किनाऱ्यावरील बेकल. त्याच्या वृत्तान्तात एक प्रसंग आहे : ग्रहण लागताच आसपासच्या लोकांनी राहूला पळविण्यासाठी गवत पेटविले, आणि त्या धुराने सूर्य झाकतो की काय अशी भीती निर्माण झाली. इंग्रज वाचकांना हा प्रसंग करमणुकीचा वाटला असेल. मला त्यात दोन बाजूंची माणसे दिसतात. तटाच्या आत यंत्रांभोवती उभी असलेली, आणि तटाबाहेर जाळ करणारी. दोघांचेही डोळे एकाच सूर्याकडे. मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे काय चालले आहे ते बाहेरच्यांना त्यांच्या भाषेत सांगणारा कोणी नाही.

दोन समुद्रकाठचे किल्ले, दोन ग्रहणे आणि एक साहेब. लोकांच्या आठवणीत त्यांची सरमिसळ झाली तर नवल ते काय?

विजयदुर्गाचे ग्रहण आले १८९८ च्या जानेवारीच्या २२ तारखेला, दुपारी. जानेवारीतले कोकणचे आकाश कसे असते ते सांगावयास नको. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास टिकणार होती. लॉकियर आता ६१ वर्षांचा होता, सर झालेला, ‘नेचर’ या जगप्रसिद्ध साप्ताहिकाचा संस्थापक व संपादक. ते साप्ताहिक त्याने १८६९ साली काढले होते. बरोबर त्याचा मुलगा होता, फाउलर होता, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक पेडलर होता. आणि आरमाराच्या ‘मेल्पॉमिनी’ जहाजाचा कप्तान चिझम बॅटन आपल्या अधिकाऱ्यांसह व खलाशांसह होता. कट्ट्यांचा संबंध जोडावयाचा तर तो या तळाशीच जोडावा लागतो.

या खलाशांची गोष्ट मला फार आवडते. लॉकियरने ही तऱ्हा दोन वर्षांपूर्वी नॉर्वेत प्रथम चालविली होती. तेथे आरमाराच्या माणसांना त्याने निरीक्षणाचे काम शिकविले, आणि ऐन वेळी ढग आले. विजयदुर्गावर पुन्हा तोच प्रयोग झाला. ज्यांनी आयुष्यात तोफा आणि दोर हाताळले अशा माणसांना सूर्याच्या प्रभामंडलाचे चित्र कसे काढावे, कोणते तारे शोधावे, घड्याळ पाहून सेकंद कसे पुकारावे, हे समजावून सांगण्यात आले. मग ग्रहण लागले आहे असे समजून सगळ्यांची पुन्हा पुन्हा कवाईत झाली. आजकाल आपण ज्याला ‘कार्यशाळा’ म्हणतो ती हीच नव्हे काय? विजयदुर्गावर विज्ञानाची पहिली कार्यशाळा भरली ती खलाशांची, आणि ती इंग्रजीत भरली. ग्रहणाच्या दिवशी आकाश स्वच्छ राहिले. मोठाले लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या निमुळत्या कोरीचे वर्णपट काचांवर उतरले. त्या वर्णपटांत हेलियमच्या रेघाही आहेत.

म्हणजे पाहा : हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही, पण ज्याने त्याला नाव दिले तो माणूस तीस वर्षांनी स्वतः या किल्ल्यावर आला, आणि त्या द्रव्याच्या रेघा येथून टिपल्या गेल्या. कट्टे आहेत, तारीख आहे, जहाजाचे नाव आहे, आणि रॉयल सोसायटीच्या दप्तरी छापील अहवाल आहे. दंतकथेला यातले एकही पाठबळ नाही.

मी हे गावातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना सांगितले तेव्हा ते गप्प झाले. पाऊस थांबेपर्यंत आम्ही पडवीत बसलो होतो. मग ते म्हणाले, “मास्तरांनू, मगे आमच्या गावात कायच झाला नाय, असा म्हणतास?” त्या प्रश्नात राग नव्हता. दुखावलेपण होते. ज्या गावचा घाटमाथ्यावरील लोकांनी कधी विचार केला नाही, जेथली तरणी पोरे मुंबईला जातात आणि गणपतीला परततात, त्या गावाला जगाच्या इतिहासात एक जागा मिळाली होती. आणि एक मास्तर ती काढून घेण्यास आला होता. मी त्यांना २२ जानेवारीची हकीकत सांगितली. खलाशांची कवाईत सांगताना ते हसले. “म्हणजे ह्या कट्ट्यांवर माणसा शिकली,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “ह्यां चांगला हा.” पण त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. शोध लागला या शब्दात जी झिंग आहे ती वर्णपट टिपला या शब्दांत नाही.

मराठीत विज्ञानाची जाहीर व्याख्याने ही काही कालची टूम नाही. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली सभा काढली आणि तिच्या मराठी शाखेने, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेने, देशी भाषेत शास्त्रीय विषय बोलावयास सुरुवात केली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. टिळकांनी १८९४ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि देवासमोर व्याख्याने होऊ लागली. आदल्याच वर्षी त्यांचा मृगशीर्षावरील ‘ओरायन’ हा ज्योतिर्गणिताचा ग्रंथ निघालेला होता. उत्सवाच्या मांडवात शास्त्र सांगण्याची ही रीत चांगलीच. तिच्यात एक धोका मात्र आहे. मांडवातला श्रोता सणाच्या मनःस्थितीत आलेला असतो. त्याला आनंद हवा असतो, अभिमान हवा असतो, आणि वक्त्याला टाळी हवी असते. मग वेदांत विमाने निघतात आणि कट्ट्यांवर हेलियम सापडतो.

१८९८ चे ग्रहण अवघ्या महाराष्ट्रावरून गेले, पण त्या वर्षी कोठलाही मांडव हसरा नव्हता. प्लेगचे दिवस होते ते. रँडचा खून आदल्या जूनमधला. ‘ओरायन’चे कर्ते त्या दुपारी तुरुंगात होते, त्यांना सप्टेंबर १८९७ मध्ये शिक्षा झाली आणि सुटका झाली ती पुढच्या सप्टेंबरात. आणि तरीही त्या सावलीच्या वाटेवर केवढी माणसे उभी होती! करमाळ्याजवळ जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन आला होता. वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश ज्योतिषप्रेमींचा तळ होता, आणि त्यात अ‍ॅनी माँडर या बाईंनी एका लहानशा कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा इतका लांब किरण टिपला की मोठमोठ्या यंत्रांना तो साधला नव्हता. पुलगावला न्यूऑल होता.

आणि जेऊरलाच होते कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील हे पारशी प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती आणि तिच्यात २० इंची परावर्ती दुर्बीण होती. हिंदुस्थानात तेव्हा तिच्याएवढी दुसरी नव्हती. त्यांनी आपल्या माणसांसह स्वतंत्रपणे ग्रहणाचे वेध घेतले आणि त्यांचा अहवाल पुढे १९०२ साली छापून निघाला. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनलला गेली. आपल्या मुलांना लॉकियरचे नाव पाठ आहे. नायगमवालांचे नाव मी वर्गात विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही, आणि शिक्षकांच्या खोलीतही नाही. दापोलीजवळच्या मुरुडात जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही असेच. विश्वविद्यालयाच्या पदवीवाचून शाळामास्तरकी करीत त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला, आणि ग्रहणाच्याच वर्षी ते वारले. कोकणाला आकाशाच्या संबंधात अभिमान धरावयाचा असेल तर उसना साहेब कशाला हवा?

१८ ऑगस्टची तारीख मात्र सोडावी असे मी म्हणत नाही. पिवळी रेघ त्या दिवशी माणसांना दिसली, आणि ती याच देशात दिसली. शिवाय त्या तारखेचे आणखी एक गाव आहे. सयामचा राजा मोंगकुट याने त्या ग्रहणाचे गणित स्वतः केले होते. सिंहासनावर येण्यापूर्वी २७ वर्षे तो भिक्षू होता, आणि त्या काळात त्याने ज्योतिष व पाश्चात्त्य भाषा यांचा अभ्यास केला होता. ग्रहण नेमके कोठून चांगले दिसेल ते त्याने ठरविले, समुद्रकाठच्या वाह्को या दलदलीच्या जागी मांडव घातले, आपला सारा दरबार तेथे नेला, फ्रेंच ज्योतिषी आले, सिंगापूरचा इंग्रज गव्हर्नर आला. राजाने प्रजेसाठी व पाहुण्यांसाठी भरविलेला तो विज्ञानाचा मेळाच होता. ग्रहण त्याने सांगितल्याप्रमाणे लागले. परत आल्यावर राजाला हिवताप जडला आणि १ ऑक्टोबरला तो मरण पावला. युवराज त्याच तापातून कसाबसा वाचला. आज थायलंडात १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञानदिन म्हणून पाळतात आणि त्या सुमारास देशभर मुलांसाठी प्रयोग, प्रदर्शने, व्याख्याने होतात. तेथे ती तारीख खरी आहे, म्हणून तिला जोर आहे.

आमच्या शाळेत आता त्या दिवशी भाषण लहान असते. मुले पुठ्ठ्याच्या नळीला एका टोकाला ब्लेडने बारीक चीर पाडतात आणि दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवितात. त्यातून ढगाळ आकाशाकडे पाहिले की रंगांचा अखंड पट्टा दिसतो, आणि नळीच्या दिव्याकडे पाहिले की पट्टा तुटून रेघा होतात. मग खोली अंधारी करून स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकावयाचे. ज्योत पिवळी होते आणि नळीत पिवळा ठळक दिसतो. “ही सोडियमची,” मी सांगतो, “हेलियमची रेघ हिच्या अगदी शेजारी असते. तुमच्या नळीतून दोन्ही वेगळ्या दिसायच्या नाहीत. लॉकियरच्या नळीतून दिसल्या.” एवढ्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला कोणत्याही टाळीपेक्षा प्रिय आहे. मिठाची ज्योत पाहून आल्यावर गुंटूरच्या निरीक्षकांना ती रेघ सोडियमची का वाटली, हे मुलांना सांगावे लागत नाही.

किल्ल्यावर जाणे मात्र आम्ही २२ जानेवारीवर टाकले आहे. त्या दिवशी ऊन असते. भरदुपारी कट्ट्यावर काठी उभी करून मुले सावलीचे टोक खडूने टिपतात, भिंगाने सूर्याची प्रतिमा कागदावर घेतात, आणि एखादा घड्याळ पाहून सेकंद पुकारतो. दोन मिनिटे किती लहान असतात हे त्यांना पहिल्यांदाच कळते. खाली ओहोटीला खडकांवर कालवे आणि खेकडे पाहण्याचा कार्यक्रम नंतर असतो, आणि खरे सांगावयाचे तर मुलांना तोच अधिक आवडतो. गेल्या खेपेस दोन पालकही आले होते.

ग्रहणाची भीती गेली असे कोणी म्हणेल तर त्याने १६ फेब्रुवारी १९८० ची आठवण करावी. त्या दिवशी खग्रास सावली कारवारच्या बाजूने शिरून दख्खन ओलांडून गेली, आणि कितीतरी शहरांत रस्ते ओस पडले, लोक दारे लावून बसले. १९९५ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला ग्रहण झाले, तेव्हा मात्र पुष्कळांनी काळे चष्मे मिळविले आणि मुलांना अंगणात आणले; आणि २०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच संध्याकाळी सूर्य ग्रासलेलाच समुद्रात बुडाला, तो पाहायला किनाऱ्यांवर गर्दी होती. पुढचे मोठे ग्रहण आपल्या बाजूस २१ मे २०३१ चे आहे. त्याचे कंकण केरळ-तमिळनाडूवरून जाईल आणि कोकणात ते खंडग्रास दिसेल. मे महिन्यात पाऊस आलेला नसतो. शाळेला सुटी असेल, आणि मुंबईकर आंब्यांसाठी गावी आलेले असतील. कट्ट्यांवर काठ्या, भिंगे, नळ्या आणि सेकंद पुकारणारा घेऊन कोण कोण बसणार याची यादी मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आताच सुरू केली आहे. तेव्हा तो कॉलेजात असेल, आणि यादीत पहिले नाव त्याने आपल्या आजोबांचे घातले आहे.